क्रेनखालचा हात

माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे आता सरळ होत नाहीत. तळहात टेबलावर पालथा ठेवला, तर त्याच्याखाली एक लिंबू मावेल एवढी पोकळी राहते. डॉक्टरांनी या प्रकाराला एक लांबलचक नाव दिले आणि दोष वयाला व कामाला अर्धा अर्धा वाटून दिला. मला ती वाटणी मान्य आहे. तक्रार करावी म्हणून मी हे लिहीत नाही. लिहिण्याचा मला सरावही नाही. ज्या वयात माणसे लिहिणे थांबवतात त्या वयात मी सुरुवात करतो आहे, आणि सुदैवाने पेनाला तीनच बोटे लागतात. या हातांनी आपली चांगली वर्षे कोठे घालवली ते एकदा नीट सांगावे, एवढीच इच्छा आहे. कारण ती वर्षे मला फार प्रिय होती, आणि असे मी तेव्हा कोणाजवळही बोललो नव्हतो.

मी इतिहास घेऊन एम.ए. झालो. गेवराईजवळच्या एका शाळेत काही महिने शिकवलेही. शिकवले म्हणणे धाडसाचे आहे. वर्गात उभा राहिलो की घशाला कोरड पडे. घरून पाठ करून आणलेले वाक्य ओठांपर्यंत येई आणि तेथेच अडून राही. मुले मुळीच वाईट नव्हती. ती शांतपणे वाट पाहत, आणि नेमके तेच मला सहन होत नसे. वर्ष पुरे होण्याआधी मी ती नोकरी सोडली व गावी परतलो. तेव्हा माझी तिशी उलटली होती आणि लग्न झालेले होते.

वडील माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. धरणाचे पाणी कालव्याला आल्यापासून त्या पट्ट्यात ऊस वाढला होता, आणि सभासदाच्या मुलाला कारखान्यात चिकटवून घेणे हा जणू सभासदत्वाचाच एक भाग समजला जाई. मला टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत, नेण्यात आले. तेथे एक खिडकी होती. खिडकीबाहेर दिवसभर रांग असे, आणि रांगेतल्या प्रत्येकाला काही ना काही विचारायचे असे. ती खिडकी पाहूनच मला शाळेतला वर्ग आठवला. तिकडे जाताना आम्ही मिल हाउसमधून गेलो होतो. ऊस चिरडणाऱ्या त्या अवाढव्य यंत्रांभोवती माणसे काम करीत होती आणि एकही माणूस बोलत नव्हता. आवाजच इतका होता की बोलण्याची अपेक्षा कोणी कोणाकडून करूच शकत नव्हते.

"मला मिलमध्ये टाका," मी म्हणालो.

टाइमकीपर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिला. "कावून?"

"आवडेल मला."

"एम.ए. होऊन पाने-हातोडे हानतो का बे? बापाला इचारलं का?"

वडिलांना विचारले नव्हते. वडील काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग तेही सवयीचे झाले.

अशा रीतीने, ज्या वयात इतर लोक मिस्त्री होतात त्या वयात मी हेल्पर झालो. पहिल्या हंगामात हातांची जी दशा झाली ती मला आजही आठवते, आणि आठवून बरे वाटते. फोड येई, तो फुटून कातडे निघे, त्याखाली नवे कातडे येई आणि ते पहिल्यापेक्षा जाड असे. उजव्या अंगठ्याचे नख एका नटाखाली गेले. त्याच्या जागी आले ते शिंपल्यासारखे खडबडीत होते व अजूनही तसेच आहे. ग्रीस आणि लोखंडाची भुकटी तळहाताच्या रेषांत जाऊन बसली. लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा हटकून विचारी, "हात धुतले न्हाईत का?" मी साबणाने, रॉकेलने, शेवटी राखेने हात घासून आलेला असे. हिवाळ्यात भेगा पडत. बायको मेण आणि तेल एकत्र कढवून त्या भेगांत भरी. तिच्याजवळ एकच रेशमी साडी होती. ती नेसली की मला बजावून सांगे, "लांबूनच बघा. हात लावला की धागा निघतोय. माणसाचा हात हाय का कानस?" असे म्हणून ती हसत असे. मीही हसत असे. शाळेतून परत आल्यापासून आमच्या घरात हसण्याचा आवाज पुन्हा त्याच सुमारास सुरू झाला.

मिल हाउसमध्ये बोलणे हातांनी चाले. चहाला चलायचे असेल तर अंगठा ओठांकडे न्यायचा. ऊस संपला तर दोन्ही पंजे झटकायचे. पाळीप्रमुख येत असेल तर नसलेल्या मिशीला पीळ द्यायचा, कारण त्याला मोठ्या मिशा होत्या. ही भाषा मला फार लवकर आली. वर्गात ज्याला एक वाक्य पुरे करता आले नव्हते, तो मी तेथे गप्पिष्ट म्हणून ओळखला जाऊ लागलो. मी हातांनी विनोद सांगत असे आणि पलीकडच्या मिलजवळचे लोक पोट धरून हसत. मळीचा गोड, जड वास, वाफेने ओलावलेली हवा, उडणारा भुसा आणि त्या सगळ्यातून आपले म्हणणे दुसऱ्याला समजले आहे याचे समाधान. याहून अधिक सुख मला फारसे ठाऊक नाही.

हंगाम संपला की मिल उघडल्या जात. त्यांतले रोलर, म्हणजे ऊस चिरडणारे ते काही टनांचे खाचा पाडलेले लोखंडी रूळ, क्रेनने उचलून दुरुस्तीला पाठवले जात आणि परत आले की पुन्हा बसवले जात. क्रेन छताशी असे. चालवणाऱ्याला तेथून रोलरचे टोक कोठे आहे ते दिसत नाही. त्याला खाली उभ्या असलेल्या एकाच माणसाचा हात दिसतो. तर्जनी वर करून फिरवली की उचल. खाली करून फिरवली की सोड. बोटे किंचित मिटून हात खाली दाबला की सावकाश. बोटे पसरून पूर्ण उघडा पंजा दाखवला की थांब. इतर कोणी कितीही ओरडले तरी क्रेनवाल्याने त्या एका हाताशिवाय कशालाही जुमानायचे नाही, हा तेथला नियम होता.

आमच्या पाळीला क्रेनवर बसणारे गृहस्थ माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते मला मास्तर म्हणत. आधीच्या हात दाखवणाऱ्याची बॉयलरकडे बदली झाली, तेव्हा मामांनी वरून सगळ्यांकडे पाहिले आणि माझ्याकडे बोट केले. कारण विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, "तुमचा हात पाटीवर लिहिल्यावानी दिसतो." या वाक्याचा मला किती अभिमान वाटला ते सांगायला संकोच होतो. त्यानंतर अनेक वर्षे दर उन्हाळ्यात मी खाली आणि मामा वर, असे आम्ही काम केले. माझे बोट थांबले की त्यांची क्रेन थांबे. आम्हा दोघांत कधी गैरसमज झाल्याचे मला स्मरत नाही.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. धरणाचा तळ दिसू लागला. जो थोडा ऊस उभा होता तो चारा छावण्यांवर जनावरांसाठी गेला आणि कारखान्याने गाळप न करण्याचा निर्णय घेतला. ऊसतोडणीच्या टोळ्या दरवर्षीप्रमाणे दक्षिणेकडे निघाल्या. बायकापोरे, भांडी, शेळ्या यांनी भरलेले त्यांचे ट्रक आमच्या बंद फाटकासमोरून जात. आम्ही कामगार हजेरी लावत असू आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहत असू.

तेथे एक चमत्कारिक गोष्ट झाली. मामा आणि मी एकाच बाकावर बसलो आणि आम्हाला बोलता येईना.

"काय मास्तर."

"काही नाही, मामा."

"ऊन लई हाय."

"आहे खरे."

मग आम्ही दोघेही रस्त्याकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने मामांनी अंगठा ओठांकडे नेला, मी मान हलवली आणि चहा आला. टपरीवाला कप ठेवता ठेवता म्हणाला, "तोंडं क्रेनला टांगून आलात का रं दोघं?" मामा खूप हसले. तेवढ्याने त्या दिवशीचे आमचे बोलणे पुरे झाले.

त्याच दिवसांत कार्यालयातून मला दोनदा निरोप आला. स्टोअरच्या खिडकीवर शिकलेला माणूस हवा होता. मिल बंदच आहे, तर इकडे या, असे त्यांचे म्हणणे होते. मी दोन्ही वेळा नकार दिला. मामांना ते कळले.

"कावून गेला न्हाई? पंख्याखाली बसायचं काम हाय."

"खिडकीवर बोलावे लागते मामा. दिवसभर."

मामांनी थोडा विचार केला. "आन् मिल चालूच झाली न्हाई तर?"

मी दोन्ही पंजे झटकले. या खेपेस ते हसले नाहीत. मला जगात बोलता येईल अशी एकच जागा होती आणि ती त्या फाटकाच्या आत बंद होऊन पडली होती, हे त्यांना बहुधा त्या क्षणी उमगले.

हातांना मात्र दुष्काळ मानवला, असे प्रथम वाटले. जाड कातड्याची सालपटे निघाली. रेषांतला काळेपणा उतरला. एका लग्नाला निघताना बायकोने माझा हात धरून आपल्या रेशमी पदरावरून फिरवला. एकही धागा अडकला नाही. "दुष्काळानं एवढं एक तरी बरं केलं," ती म्हणाली. परंतु वरचे कातडे मऊ होत असता आतून काहीतरी आवळत चालले होते. सकाळी उठल्यावर मूठ उघडत नसे. बोटे दुसऱ्या हाताने एकेक करून सोडवावी लागत. कोमट पाण्यात हात बुडवावेत, असे कोणी सुचवले. पण टँकरचे पाणी हंड्याने मोजून मिळत असता ते हात शेकायला घेण्याची कल्पनाही घरात कोणाला सुचली नसती. बायको तव्यावर मीठ तापवून त्याची पुरचुंडी माझ्या मुठीत देई. थोड्या वेळाने बोटे सैल होत, आणि सैल झाली म्हणजे उघडली, असा मी समज करून घेई.

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला. धरण भरले, शेतांत ऊस उभा राहिला आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात कारखान्याने आम्हा सगळ्यांना कामावर बोलावले. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा होता. गंजलेले सगळे घासायचे, तेल द्यायचे, मिल जोडायच्या. कोठे ग्राइंडर चाले, कोठे घण पडत, कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असे. तो गोंगाट कानावर पडला तेव्हा मला गावी परतल्यासारखे वाटले. मामा शिडी चढून वर गेले, मी खाली माझ्या जागी उभा राहिलो, आणि नव्या खाचा पाडून आलेला पहिला रोलर तारेच्या दोराला लटकून आमच्याकडे येऊ लागला.

खाली, रोलरचे टोक ज्यात टेकते त्या बैठकीला ग्रीस लावण्याचे काम एक फिटर करीत होता. पस्तिशीचा, धिप्पाड, तोंडाने कधी स्वस्थ न बसणारा माणूस. रोलर अगदी जवळ आला तेव्हा त्याचे एक टोक वाकडे येत आहे, असे मला दिसले. फिटरचा हात अजून बैठकीवर होता. मी थांबण्याची खूण केली. हात उंच धरला, तळवा मामांकडे केला, बोटे पसरली. निदान मला तसेच वाटले. रोलर सावकाश खाली येतच राहिला. फिटरने वर पाहिले आणि हात ओढून घेतला, म्हणून हात राहिला. टोक लोखंडावर आदळले. तो धक्का वर जाणवला तेव्हा क्रेन थांबली.

काम चालू असताना मामा कधीही खाली उतरत नसत. त्या दिवशी उतरले. थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, काय दाखवलं तुमी?"

"थांबा."

"परत दाखवा."

मी दाखवले.

"पुरा उघडा की."

"उघडलाय मामा."

"हा उघडा हाय व्हय?" मामांनी माझी बोटे आपल्या हातात घेतली आणि सरळ करून पाहिली. ती झाली नाहीत. "आवो, वरून हे सावकाश दिसतंय."

मी हाताकडे पाहिले. इतके दिवस तो मला आतून जाणवत होता. तो दिसतो कसा, हे प्रथमच पाहिले. शेवटची दोन बोटे तळव्याकडे झुकलेली होती, आणि ती झुकल्यामुळे उरलेलीही मोकळी वाटत नव्हती.

फिटर एका पेटीवर बसला होता. हात गुडघ्यांत घट्ट धरलेला होता, पण तोंड चालूच होते. "मास्तर, माझा हात काढून सोताला बसवायचा इचार हुता का? सांगायचं तर, देऊन टाकला असता." लोक हसले. तो स्वतः हसला नाही. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मामांनी मला बाजूला घेतले व कानाशी येऊन म्हणाले, "कुणाला सांगू नका. तुमचं थांबा कसं दिसतं ते आता मला कळलं. मी वाचून घेईन."

ते तसे वाचून घेऊ शकले असते, यात मला शंका नव्हती. माझ्या खांद्याची हालचालही त्यांना पाठ होती. आणि हो म्हणावे असे मला किती तीव्रतेने वाटले, तेही सांगितले पाहिजे.

"मी दुसऱ्या पाळीला थांबलो की वर दुसरा माणूस बसतो, मामा," मी म्हणालो.

मामा माझा हात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो सोडला.

त्याच दुपारी मी इंजिनिअर साहेबांना जाऊन सांगितले. साहेब भला माणूस होता. "मनाला लावून घेऊ नका. स्टोअरला तुमची वाटच पाहत आहेत," ते म्हणाले. "फक्त हे रोलर बसेपर्यंत थांबा आणि कोणाला तरी शिकवून जा." कोणाला, हा प्रश्न फिटरने स्वतःच सोडवला. "मला शिकवा. खाली बी माझाच हात जातो, मग खुणंला बी माझाच असू द्या."

दुसऱ्या सकाळी रिकाम्या हुकावर सराव सुरू झाला. मी खुणा करून दाखवल्या, त्याने लक्षपूर्वक पाहिल्या. उचल आणि सोड त्याला लगेच जमले. मग त्याने थांबण्याची खूण केली, आणि वर मामा क्रेनची इशाऱ्याची घंटा वाजवू लागले. ती थांबेना. मी वळून पाहिले. त्या धडधाकट माणसाने आपली शेवटची दोन बोटे तळव्याकडे झुकवली होती. अगदी माझ्याइतकीच. मनगट थोडे बाहेर, मान डावीकडे कललेली, हेही सगळे त्याने जसेच्या तसे उचलले होते.

"सरळ करा," मी म्हणालो.

"आँ?"

"बोटे सरळ!"

"तुमी दाखवलं तस्संच केलंय की ओ मास्तर! ही वाकडीच धरायची असतात न्हाई का? मी म्हनलं, क्रेनची रीत आसंल."

भोवतालचे लोक पोट धरून हसू लागले. मामा वर केबिनच्या दांड्यावर कपाळ टेकून हसत होते. मलाही हसू आले, पण ते संपल्यावर माझ्या ध्यानात आले की या माणसाला मी हाताने काहीही शिकवू शकत नाही. माझा हात जे दाखवील ते तो शिकेल.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"माझ्याकडे बघू नका. मी सांगतो ते करा."

कॉम्प्रेसर चालू होता. त्याने कानामागे पंजा धरला. मी पुन्हा म्हणालो. त्याला पुन्हा ऐकू आले नाही. तो वाट पाहत उभा राहिला. वर्गातली मुले पाहत तशीच. मग मी पोटातून ओरडलो, "पाची बोटं ताठ! पसरा! अजून!" आवाज मध्येच चिरकला. पलीकडचा वेल्डर चेहऱ्यावरची काच वर करून बघू लागला. फिटरने पाची बोटे ताठ केली. आम्ही दुपारपर्यंत तेवढेच करीत राहिलो. तो पंजा उघडी आणि मी ओरडत असे. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायकोशी बोलायलाही गळा शिल्लक नव्हता.

शेवटचा रोलर बसवायचा होता त्या दिवशी मी फिटरच्या दोन पावले मागे उभा होतो. ग्रीस लावायला आता दुसरा माणूस होता. रोलर हळूहळू उतरत आला. पुन्हा एक टोक किंचित वाकडे येत होते. मला ते फिटरच्या आधी दिसले, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "थांबा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो होतो की ग्रीसवाल्याने दचकून वर पाहिले. वर मामांनाही ते ऐकू गेले असणार. त्यांनी क्रेन थांबवली नाही. त्यांचे डोळे फिटरच्या हातावर होते.

पुढच्याच क्षणी तो हात वर गेला. पाची बोटे ताठ, पसरलेली, कोणालाही कोठूनही वाचता यावीत अशी. क्रेन जागच्या जागी थांबली. मामांनी माझ्याकडे पाहिले नाही, पाहायचे नव्हतेच. रोलर वीतभर अंतरावर स्थिर लटकत राहिला आणि त्याच्याखाली ग्रीसवाल्याने घाई न करता बैठकीच्या कोपऱ्यापर्यंत ग्रीस पुरे लावले.